पैसे घ्या, पण ऑथोरायझेशन द्या

मालवाहू ट्रकचे नॅशनल परमिट पाच वर्षांचे असते, पण त्या परमिटवर परराज्यात गाडी पाठवण्यासाठी लागणारे ऑथोरायझेशन मात्र दरवर्षी नव्याने घ्यावे लागते, आणि दरवर्षी तो महिना जवळ आला की माझी झोप उडते. पैशांबद्दल माझी तक्रार नाही. साडेसोळा हजार रुपये एकत्रित शुल्क आणि वर ऑथोरायझेशनचे एक हजार, एवढे भरून गाडी देशभर फिरत असेल तर तो व्यवहार वाईट नाही. मे २०१० पूर्वी ज्यांनी हा धंदा केला त्यांना विचारा; किमान चार राज्ये निवडायची, प्रत्येक राज्याचे शुल्क वेगळे भरायचे आणि डिमांड ड्राफ्टची चळत घेऊन खेटे घालायचे, असा तो काळ होता. ती कटकट संपली हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. संताप याचा येतो की, पैसे हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडून ते घेण्याचीही या व्यवस्थेची तयारी नसते.

अर्ज करायला बसले की कळते, ऑथोरायझेशन ही एकटी गोष्टच नाही. त्याआधी गाडीचा इन्शुरन्स चालू हवा, पासिंग, म्हणजे गाडी रस्त्यावर चालण्यालायक असल्याचा दाखला, चालू हवे, टॅक्स भरलेला हवा, पीयूसी, म्हणजे प्रदूषण तपासणीचा दाखला, हवी. यातल्या प्रत्येकाची मुदत वेगळ्या तारखेला संपते. इन्शुरन्स वर्षाचा, पासिंग गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांचे आणि पुढे दरवर्षीचे, पीयूसी बीएस-फोर या प्रदूषण मानकाच्या आणि त्यानंतरच्या गाडीला वर्षाची, जुन्या गाडीला सहा महिन्यांची. आठ वर्षांपुढच्या गाडीला महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा, परमिटधारकाचा व्यवसाय कर आणखी वेगळा. एका गाडीच्या एवढ्या तारखा सांभाळणारा माणूस घरातल्या कोणाचा वाढदिवस लक्षात ठेवू शकेल, अशी अपेक्षा कोणी करू नये. यातली एक जरी तारीख उलटली तरी बाकी सगळे कागद असून नसल्यासारखे होतात, कारण ज्यावर अर्ज करायचा ते सरकारी पोर्टल पुढे सरकतच नाही.

आणि हे सगळे कागद कोणाकडे असतात? सरकारकडेच! इन्शुरन्स कंपनी पॉलिसीची नोंद थेट सरकारी यंत्रणेत पाठवते, पीयूसी केंद्र तिथेच नोंद करते, पासिंगची नोंदही त्याच यंत्रणेत होते, टॅक्स तर सरकारच्याच खात्यात जमा झालेला असतो. तरीही यंदा मला सांगण्यात आले की गाडीचा इन्शुरन्स ‘दिसत नाही’. पॉलिसी माझ्या हातात, हप्ता भरल्याची पावती माझ्या हातात, आणि पडद्यावर मात्र मागल्या वर्षीची, मुदत संपलेली पॉलिसी. विमा कंपनी म्हणते, आम्ही माहिती केव्हाच पाठवली. कार्यालय म्हणते, आमच्याकडे आली नाही, कंपनीला विचारा. या दोघांमध्ये संगणकाची तार नेमकी कुठे तुटली आहे हे शोधण्याची जबाबदारी ट्रकमालकाची, असे कोणत्या नियमात लिहिले आहे ते मला कोणी तरी दाखवावे.

इन्शुरन्स एकदाचा दिसू लागला, तर शुल्क भरताना पैसे बँकेतून कापले गेले आणि पावती आलीच नाही. पुन्हा भरायचे म्हटले तर पोर्टल सांगते की आधीचा व्यवहार प्रलंबित आहे. थांबायचे म्हटले तर ऑथोरायझेशनची मुदत माझ्यासाठी थांबत नाही. मदतीचा फोन लागला तर ‘थोड्या वेळाने पाहा’ हे एकच उत्तर मिळते. तो थोडा वेळ म्हणजे किती तास की किती दिवस, हे सांगण्याचे सौजन्य कोणीही दाखवत नाही.

तोवर गाडी उभी. उभी गाडी म्हणजे काय हे टेबलामागे बसणाऱ्याला कळत नाही, कारण त्याचा पगार उभा राहत नाही. बँकेचा हप्ता ठरल्या तारखेला कापला जातो, ड्रायव्हर आणि क्लीनरचा पगार द्यावाच लागतो, आणि लासलगावहून उत्तरेकडे निघणारा कांदा तर सरकारी सर्व्हर सुरू होण्याची वाट पाहत बसत नाही. व्यापाऱ्याने शांतपणे दुसऱ्याची गाडी लावली, आणि त्याला दोष तरी कसा द्यायचा? गेलेले भाडे गेले, आणि पुढचा माल भरताना तो आधी मला फोन करील याची खात्रीही त्यासोबत गेली.

कोणी म्हणेल, एवढी घाई आहे तर सोडायची होती गाडी. परमिटशिवाय गाडी चालवल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड आणि सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. त्याहून मोठी भीती अपघाताची. परमिट नसताना गाडी रस्त्यावर आणणे हा विमा कराराचा मूलभूत भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले. म्हणजे कंपनी जखमीला भरपाई देणार आणि नंतर ती मालकाकडून वसूल करणार. मुदत संपलेल्या ऑथोरायझेशनवर गाडी ठोकली गेली, तर कंपनीचा वकील हाच मुद्दा काढणार हे सांगायला ज्योतिषी नको. सरकारच्या अडकलेल्या पावतीपायी मी माझे घर पणाला लावायचे का?

मग उरतो एजंट. सगळे काम ऑनलाइन झाले, आता कोणाकडे जायची गरज नाही, असे मोठमोठे फलक ज्या कार्यालयाबाहेर लागले आहेत, त्याच कार्यालयासमोर एजंटांच्या टपऱ्या पूर्वीइतक्याच गर्दीने चालू आहेत. मला जे पोर्टल दिवसेंदिवस दाद देत नव्हते, ते एजंटाच्या लॅपटॉपवर दुपारच्या आत सरळ कसे झाले, हा प्रश्न मी त्याला विचारला. तो नुसता हसला आणि त्याने आपली रक्कम सांगितली. ती मी दिली, तिची पावती नाही, आणि ती कोणाकोणात वाटली जाते याबद्दल माझ्या मनात जे आहे ते लिहिण्यासारखे नाही.

माझी मागणी अवघड नाही. पैसे खात्यातून कापले गेल्याचा बँकेचा संदेश हीच पावती ठरवा आणि पोर्टल सुधारेपर्यंत तिच्यावर गाडी चालू द्या. इन्शुरन्स, पासिंग आणि टॅक्सची माहिती सरकारी संगणकाला सापडत नसेल, तर ती शोधण्याचे काम सरकारचे, आणि तोवर अर्जदाराची जुनी मुदत आपोआप वाढली पाहिजे. अर्ज वेळेत केलेल्या मालकाची गाडी जितके दिवस उभी राहील, तितक्या दिवसांचे शुल्क पुढच्या वर्षीच्या साडेसतरा हजारांतून वजा करा. आम्हाला उशीर झाला की दंड आकारण्याचा हिशेब ज्या यंत्रणेला चोख जमतो, तिला ही वजाबाकीही जमायला हरकत नाही.