मशीन उभेच आहे, तर विचार का थांबवायचा?

आज सकाळी आमच्या कारखान्यात परिपत्रक लागले: मागणी घटल्यामुळे कायझेनची, म्हणजे कामगारांनी सुचवलेल्या छोट्या सुधारणांची, बक्षिसे आणि टूलरूममध्ये चाचण्यांसाठी राखून ठेवलेले शनिवारचे दोन तास पुढील आदेशापर्यंत बंद. ते वाचल्यापासून मला भोसरीचे मामा आठवत आहेत.

लेहमन ब्रदर्स ही अमेरिकन बँक १५ सप्टेंबर २००८ रोजी बुडाली आणि पिंपरी-चिंचवडच्या मोठ्या कारखान्यांत ब्लॉक क्लोजर, म्हणजे काही दिवस काम पूर्ण बंद ठेवणे, सुरू झाले. मी तेव्हा भोसरीत एका छोट्या पुरवठादाराकडे नवशिका सुपरवायझर होतो आणि आमच्या तीन पाळ्यांपैकी एकच उरली होती. ड्रिलिंगवरच्या मामांना कित्येक वर्षांपासून दिसत होते की ब्रॅकेट फिक्स्चरमध्ये, म्हणजे तो पकडून ठेवणाऱ्या साच्यात, उलटे बसते आणि भोक चुकीच्या बाजूला पडते; पण ऑर्डरच्या घाईत मशीन थांबवू देणार कोण? त्या महिन्यात मशीन तसेही उभेच होते. मामांनी भंगारातली एक पिन घासून फिक्स्चरमध्ये बसवली आणि ब्रॅकेट उलटे बसणेच बंद झाले.

बक्षिसांना पैसे नाहीत, हे मान्य. मालकाच्या बँकेचे हप्तेही थांबत नाहीत. पण उभ्या मशीनवरचे दोन तास काढून घेऊन नेमके काय वाचले, हे मला कोणी तरी सांगावे! टोयोटा १९५० साली दिवाळखोरीच्या दारात होती. कामगारकपात झाली, संप झाला, किइचिरो टोयोडा यांना अध्यक्षपद सोडावे लागले. त्याच कंपनीने १९५१ साली कामगारांसाठी सूचना योजना सुरू केली. कोरियन युद्धामुळे आलेल्या ट्रकच्या मागणीने तिला हात दिला, हे खरेच. तरीही ऑर्डर आल्या म्हणून तिने कामगारांना विचारणे सोडले नाही.

पिन बसवण्याआधी मामांनी मला बाजूला घेऊन विचारले होते, "साहेब, ह्यानं तपासणीवरच्या पोराचं काम तर जाणार नाही ना?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. मालक स्वतः शॉपफ्लोअरवर आले आणि सूचनेमुळे कोणालाही घरी बसवणार नाही, असा शब्द त्यांनी सर्वांसमोर दिला. त्यानंतरच मामांनी पिन बसवली आणि पुढच्या आठवड्यात आणखी चौघे आपापल्या कल्पना घेऊन आले. कपातीच्या भीतीने माणूस आधी तोंड मिटतो, ही गोष्ट परिपत्रक काढणाऱ्यांना कशी कळत नाही, याचा मला संताप येतो.

आज दुपारी आमची एक ट्रेनी मुलगी मशीन थंड ठेवणारे कूलंट वाया जाऊ नये म्हणून वहीत काढलेले चित्र घेऊन आली. परिपत्रक तिनेही वाचले होते, म्हणून दबकत विचारत होती. तो कागद मी ठेवून घेतला आहे आणि उद्या पहिल्या पाळीला तिला सोबत घेऊन प्लँट हेडकडे जाणार आहे.