युरोपच्या गाड्यांना नडतेय ती सरकारांची धरसोड

युरोपच्या कार इंडस्ट्रीवर कुठलीही पोस्ट टाका, खाली कमेंट ठरलेली, पर्यावरणाच्या खुळापायी यांनी स्वतःचाच धंदा बसवला. मी जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतो, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला आहे, आजूबाजूला रोज हाच विषय असतो म्हणून जरा सविस्तर लिहितोय. कायदा कडक आहे हे दुखणं नाहीच, कायदा सारखा हलतोय हे दुखणं आहे.

आता बघा, मार्च 2023 मध्ये युरोपियन युनियनमध्ये ठरलं की 2035 पासून नव्या गाडीतून कार्बन डायऑक्साइड शून्य. तेही जर्मनीने ऐनवेळी अडून बसून ई-फ्युएलची (म्हणजे विजेपासून बनवलेल्या कृत्रिम इंधनाची) पळवाट मागून घेतल्यावर. मग 2025 चं टार्गेट आलं, कंपनीने विकलेल्या नव्या गाड्यांतून दर किलोमीटरला सरासरी किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघावा याचं. त्यात दंड असा की ठरलेल्या सरासरीच्या वर प्रत्येक ग्रॅमला, विकलेल्या प्रत्येक गाडीमागे 95 युरो, म्हणजे 10 लाख गाड्या विकणारी कंपनी नुसती एक ग्रॅम वर गेली तरी साडेनऊ कोटी युरो. कंपन्यांनी आरडाओरडा केला आणि वर्ष चालू असतानाच नियम बदलला, आता 2025 ते 27 अशी तीन वर्षांची सरासरी धरणार. व्होल्वो उघड म्हणत होती की आम्ही तयारी केलीय, शेवटच्या क्षणी बदल करून आमचं नुकसान करू नका. ऐकलं कोणी? आणि डिसेंबर 2025 मध्ये युरोपियन कमिशनने (युनियनचे कायदे मांडणारी संस्था) परत प्रस्ताव मांडला की 2035 ला 100 टक्के नको, 90 टक्के कपात पुरे.

वरच्या मोठ्या कंपन्या हे पचवतात हो. खालचा सप्लायर मरतो. इलेक्ट्रिक गाडीच्या मोटरचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, बनवायचं तर कस्टमर आधी व्हॉल्यूम, म्हणजे वर्षाला किती नग लागतील ते सांगतो, त्यावर तुम्ही कोट देता, डाय (पार्टचा साचा) बनवता, मशीन घेता, बँकेचं कर्ज काढता, सॅम्पल पास होऊन प्रॉडक्शन सुरू व्हायला दोन-तीन वर्षं सहज जातात. तोवर ब्रसेल्समध्ये (युरोपियन युनियन) किंवा बर्लिनमध्ये (जर्मन सरकार) काहीतरी बदललेलं असतं आणि कस्टमर सांगतो व्हॉल्यूम निम्मा धरा. डाय तीच, हप्ता तोच, आणि लाइनवरची माणसं कुर्झआर्बाइटवर, म्हणजे काम कमी तास आणि बुडालेल्या पगाराचा काही भाग सरकार देणार. माझ्या ओळखीतली चांगली कसलेली टूलमेकर माणसं आज या अवस्थेत आहेत, फार वाईट वाटतं बघून.

धरसोडीचं सगळ्यात वाईट उदाहरण जर्मनीचंच. इलेक्ट्रिक गाडीवरची सरकारी सबसिडी डिसेंबर 2023 मध्ये शनिवारी जाहीर करून रविवारी रात्री बंद! कोर्टाने बजेटमधले 60 अब्ज युरो अडवले हे खरं, पण अर्ज गाडी रजिस्टर झाल्यावरच करता यायचा, त्यामुळे बुकिंग करून डिलिव्हरीची वाट बघणाऱ्यांचे हजारो युरो एका वीकेंडला गेले. परिणाम? 2023 मध्ये जर्मनीत सव्वापाच लाखांच्या आसपास इलेक्ट्रिक गाड्या रजिस्टर झाल्या, 2024 मध्ये 3 लाख 80 हजार. आणि मग म्हणायचं, लोकांना इलेक्ट्रिक नकोच आहे.

कंपन्यांचीही चूक आहेच, ती मी लपवणार नाही. मोठ्या महाग एसयूव्हीत मार्जिन मिळतंय म्हणून छोटी गाडी सोडून दिली आणि चीनच्या नफ्यावर विसंबून राहिले. फोक्सवॅगन ग्रुप 2019 मध्ये चीनमध्ये 42 लाख गाड्या विकत होता, 2024 मध्ये 29 लाख. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये युनियनशी करार झाला, 2030 पर्यंत जर्मनीतल्या 35 हजार नोकऱ्या कमी करायच्या. याच ग्रुपच्या ऑडीचा ब्रसेल्सचा प्लांट फेब्रुवारी 2025 मध्ये बंद झाला. बॉश, झेडएफ या पार्ट बनवणाऱ्या बड्या कंपन्यांतही हीच नोकरकपात.

चिनी गाड्यांवर ड्युटी लावली ती मला पटते, तिथल्या सरकारी पैशाशी एकट्या कंपनीने कसं लढायचं? पण ऑक्टोबर 2024 ची ती जादा ड्युटी (बीवायडी या चिनी कंपनीला 17 टक्के, एसएआयसी या दुसरीला 35.3) फक्त पूर्ण इलेक्ट्रिक गाडीवर आहे, हायब्रिडवर नाही, आणि बीवायडीने हायब्रिड आणल्याच, शिवाय हंगेरीत सेगेदला कारखाना काढला. नुसत्या भिंतीने भागत नाही.

मला फ्रान्सची पद्धत जास्त आवडली. तिथे इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्याला बोनस, म्हणजे सबसिडी, देताना गाडी बनवताना किती कार्बन निघाला तेही मोजतात, त्यामुळे चीनमधून बनून आलेल्या बहुतेक गाड्या आपोआप बाहेर. आणि 2024 च्या सुरुवातीला कमी उत्पन्नवाल्यांना महिना साधारण 100 युरोत इलेक्ट्रिक गाडी लीजवर दिली, दीडेक महिन्यात 50 हजारांच्या आसपास ऑर्डरी आल्या आणि स्कीम त्या वर्षापुरती थांबवावी लागली. परवडणारी गाडी समोर ठेवली तर लोक घेतात, यापेक्षा अजून काय पुरावा पाहिजे.

पुण्यातल्या मित्रांनो, हे तुमच्यापासून लांब नाही. चाकण, भोसरीतून फोर्जिंग आणि मशीन केलेले पार्ट इकडे येतात, इथे शेड्यूल कापलं की तिथली शिफ्ट कमी होते.

90 टक्क्यांचा तो प्रस्ताव आता युरोपियन पार्लमेंट आणि देशांची सरकारं घासाघीस करून ठरवतील. 90 करा नाहीतर 100 ठेवा, मला 100 हवंय, पण जे काय ठरेल ते 2035 पर्यंत हलवू नका, आणि सबसिडी द्यायची असेल तर किती वर्षं, किती पैसे हे आधी लिहून द्या, म्हणजे पुढची डाय टाकायची की नाही ते तरी आम्हाला ठरवता येईल.