ओळखलंत का मला?

दर रविवारी कुणी ना कुणी येतं आणि चपला काढायच्या आत तोच प्रश्न. "काय अण्णा, ओळखलंत का?" अण्णा गप्प. अल्झायमर आहे त्यांना, विसरण्याचा आजार. मग ते बहिरे असल्यासारखा आवाज चढवून, "अहो, सांगा ना मी कोण!"

बंद करा हे. विनंती नाही करत, चिडून सांगतेय.

परवा नात्यातले एक काका आले. तीनदा विचारलं. पहिल्यांदा अण्णा हसले, "या, बसा, चहा घ्या" म्हणाले. माणूस ओळखू आला नाही तरी पाहुण्याला चहा विचारायचा, एवढं त्यांना अजून कळतं, त्यावरच ते वेळ मारून नेतात. पण काकांना उत्तर हवं होतं. दुसऱ्यांदा अण्णा शर्टाचं बटण पिरगाळायला लागले. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पाठांतर न झालेलं पोर वर्गात इकडेतिकडे बघतं तसं. आणि काका त्यांच्यादेखत मला म्हणतात, "गेलं हो सगळं!"

काय गेलं? अल्झायमर आधी घाव घालतो तो नव्या आठवणी साठवणाऱ्या भागावर, हिप्पोकॅम्पसवर. म्हणून सकाळी पोहे खाल्लेले आठवत नाहीत. पण रंगपंचमीला शनि चौकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जमिनीतल्या हौदात, उडी घेऊन धप्पा कसा मारायचे, ते हातवारे करून सांगतात. नाशिकरोडच्या नोटप्रेसमध्ये आयुष्य काढलं. आजही वर्तमानपत्र हातात दिलं की बोटं आपोआप पानं मोजायला लागतात. ते विचारा ना! स्वतःचं नाव वदवून घेऊन तुम्हाला काय मिळतं?

परीक्षा घ्यायची ती डॉक्टरांनी घेतली, ३० गुणांची. १०० मधून ७ वजा करत जा म्हणाले. जन्मभर नोटांची बंडलं मोजलेला माणूस ९३ वर अडकला. मी शेजारी बसून ते पाहिलंय. माझ्याच दिवाणखान्यात ते मला दर आठवड्याला पुन्हा बघायचं नाहीये.

वर सल्ले. "रोज विचारत जा, मेंदूला व्यायाम होतो." "भिजवलेले बदाम द्या." अहो, मेंदूतल्या पेशी मरतायत, त्या बदामाने परत येत नाहीत! गोळ्या चालू आहेत, त्यांनीही थोडंफार सावरतं इतकंच.

काका गेले. ते आले होते हे अण्णा दहा मिनिटांत विसरले. पण मनाला लागलेलं कुठे जातं? अंधार पडायला लागला तशी घालमेल सुरू. "घरी जायचंय." अण्णा, हेच आपलं घर. "नाही, पंचवटीत. आई वाट बघतेय." चपला घातल्या, दाराची कडी ओढत राहिले. माझ्यावर हात उगारला. माझ्या अण्णांनी, ज्यांनी मला लहानपणी एक चापट मारली नाही. शेवटी भावाने गाडीत बसवून गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, फेरी मारून आणलं. डोळा लागला रात्री दीडला. मला सकाळी सातला कामावर जायचं होतं.

आणि आठ वाजता काकांचा फोन. "काय मग, मी येऊन गेलेलो आठवतंय का त्यांना?"

मी फोन ठेवून दिला. आता पुढचं ऐका. यायचं असेल तर दारातच सांगायचं, "अण्णा, मी अमुक, तुमच्या मावशीचा मुलगा." मग शेजारी बसायचं आणि रहाडीचं विचारायचं. जमत नसेल तर फाटकातूनच परत जा.