घाम गाळणाऱ्यालाही बीपी होतो

आमच्याकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. थोडक्यात असा: बीपी हा शहरात बसून खाणाऱ्यांचा आजार, वावरात राबणाऱ्याला तो होत नाही. डोकं दुखत नसेल तर बीपी नाहीच. गोळी सुरू केली की सवय लागते, किडनी जाते. त्यापेक्षा सैंधव मीठ खा. मला तो आमच्या मोठ्या बाबांनी पाठवला, खाली तीनदा हात जोडून.

पहिल्या वाक्यात थोडं तथ्य आहे. शहरात बीपीचं प्रमाण जास्त आहे आणि अंगमेहनतीचा फायदा होतोच. पण ‘होत नाही’ कसं म्हणता? गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेनं २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली. सगळ्यात जास्त माणसं लकव्यानं गेली होती, साधारण सातांतलं एक. आणि लकव्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे वाढलेला बीपी.

मेहनतीचा हिशेब मांडणारा हा मेसेज खर्र्याबद्दल मात्र चूप आहे. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटायचा आणि रोवणीपासून मळणीपर्यंत गालात ठेवायचा. बाया, पोरंही खातात. तंबाखूतल्या निकोटिननं नाडी जलद होते, बीपी चढतो. तोंडाच्या कॅन्सरची भीती वेगळीच, आणि त्यात सुपारीचाही वाटा आहे. तंबाखू काढून नुसती सुपारी चघळणारेही सुटत नाहीत. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. ठेल्यावर घोटून मिळणाऱ्या खर्र्याचं काय, हे कोणत्याही ठेल्यावर पाच मिनिटं उभं राहून बघा.

डोकं दुखण्याचं म्हणाल, तर बहुतेकांना बीपी कळतच नाही. १४०/९० च्या वर गेलेला माणूस दिवसभर डवरे हाकतो, रात्री ढाराढूर झोपतो. मोजल्याशिवाय तो सापडत नाही.

आता गोळी. गोळी सोडली की बीपी पुन्हा चढतो, यालाच लोक सवय म्हणतात. मोटर बंद केली की विहिरीत पाणी पुन्हा चढतं. मग मोटरनं विहिरीला सवय लावली असं म्हणायचं का? किडनीचं तर उलटं आहे. ताब्यात न ठेवलेला बीपीच किडनी खराब करतो. गोळीनं पाय सुजले किंवा चक्कर आली, तर डॉक्टरांना सांगून ती बदलून घेता येते. मनानं बंद करायची नाही.

सैंधव मीठही मीठच, बहुतांश सोडियम क्लोराईड. वर त्यात सहसा आयोडीन घातलेलं नसतं. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून कमी मीठ पुरे, आणि लोणचं, पापड, ठेचा त्याच हिशेबात धरायचे. मे महिन्याच्या उन्हात जुलाब-उलट्या झाल्या तर मीठ-साखरेचं पाणी प्यावंच लागतं, ती गोष्ट निराळी.

मोठ्या बाबांना मी उलट मेसेज केला नाही. वाद घातला असता तर ते रागावले असते. उपकेंद्रात तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा बीपी फुकट मोजतात, सोमवारी सोबत जाऊ, एवढंच म्हटलं. आधी अर्धा तास चहा नाही, खर्रा नाही, आणि पाच मिनिटं टेकून शांत बसायचं. चहाचं ते लगेच कबूल झाले.