‘आपले पूर्वज कर्ज काढत नसत’ : हे खरे नाही

‘आपल्या आजोबा-पणजोबांनी कधी कर्ज काढले नाही, अंथरूण पाहून पाय पसरले. कर्जाची चटक बँकांनी लावली. सगळ्यांनी कर्ज काढणे बंद करा, देश सुखी होईल.’ हा मेसेज नातेवाइकांच्या ग्रुपवर सारखा फिरतोय. पाठवणाऱ्यांत कर्जाने पोळलेलेही आहेत, त्यांचे दुःख मला कळते. पण यातले एकही विधान टिकत नाही.

पूर्वज कर्ज काढत नव्हते? थोरले बाजीराव आपल्या गुरूंना, ब्रह्मेंद्रस्वामींना, लिहिलेल्या पत्रांत सावकारांच्या तगाद्याने मेटाकुटीला आलेले दिसतात. पेशव्यांची ही गत, तर रयतेचे काय! 12 मे 1875 रोजी, बाजाराच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जाचे रोखे ओढून काढून जाळले. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस येईना म्हणून इथल्या कापसाला भाव होता, तेव्हा सावकार मागेल तेवढे देत होते. 1865 मध्ये युद्ध संपले, भाव पडले, पुढे शेतसाराही वाढला, आणि नेमका तेव्हाच सावकाराने हात आखडला. चीड व्याजाची होती, खोट्या रोख्यांची होती, तशीच अडल्या वेळी मिळालेल्या नकाराचीही होती. हे आपण विसरतो.

बँकांनी चटक लावली? रिझर्व्ह बँकेने 1951-52 मध्ये ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी केली. शेतकऱ्याच्या कर्जात सावकारांचा वाटा सुमारे 70 टक्के, सहकारी संस्थांचा 3 टक्के, व्यापारी बँकांचा 1 टक्काही नाही. बँक गावात येण्याआधीच गाव कर्जात होते. फरक दराचा आहे. आजही सावकाराकडून शेकडा महिना तीनने घेतले की वर्षाला 36 टक्के होतात. बँकेचे तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर व्याज 4 टक्क्यांच्या वर जात नाही.

राहिले ‘कर्ज बंद करा’. आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते, तोड जवळजवळ दीड वर्षाने. बेणे, खत, मजुरी मात्र आत्ता द्यावी लागते. सोयाबीनचे बियाणे जूनमध्ये, पैसा दिवाळीच्या आसपास. मधले महिने कोणीतरी सांभाळावे लागतात. बँकेने नाही दिले तर दुकानदार उधारीवर देतो, आणि माल त्याच्याच आडतीवर, तो म्हणेल त्या भावाने घालावा लागतो.