प्रतिक्रियेला उत्तर: एसी, मुळं आणि मीठ

क्षारपड जमिनीतल्या उसाच्या मुळांवर लिहिलेल्या लेखाखाली एका साहेबांनी प्रतिक्रिया टाकलीय, नाव नाही, नुसतं 'शेतकरीपुत्र'. म्हणणं असं की मुळांतून काय पाझरतं याचे प्रयोग लॅबमध्ये पाण्यात रोपं वाढवून होतात, रानात तसंच घडतं कशावरून, ईसीचा (मातीतल्या क्षारांच्या मोजमापाचा) आकडा गोंधळात टाकणारा आहे, शेवटी निचराच काढायला लागतो, आणि 'एसीत बसून लिहिणाऱ्यांनी आम्हाला मुळं शिकवू नयेत'.

एसी? साहेब, माझ्या खोलीत पंखा आहे आणि तोही कुरकुरतो. आमचं रान शिरोळ तालुक्यात, नदीकाठचं. नदीतनं उपसून आणलेलं लिफ्टचं पाणी आलं तसं आजोबांनी ऊस लावला आणि पाणी नुसतं पाजत गेले, वडिलांच्या काळात रानाला पांढरी फुटली. उन्हाळ्यात वरंब्यावर मिठाचा थर बघतच मी मोठा झालोय. तुम्ही खोडव्याचं, म्हणजे तोडणीनंतर परत फुटलेल्या उसाचं, बेट कुदळीनं उपटून बघितलंय का कधी? चांगल्या रानातलं बेट काढलं की पांढऱ्या मुळांना माती धरून येते, झटकली तरी सुटत नाही, त्यात मुळांच्या चिकट स्रावाचा मोठा हात असतो. क्षारपडातलं काढा, मुळं काळपट, आखूड, टोकं करपल्यागत, आणि माती भुरभुर खाली. हे मी हातानं बघितलंय, त्यामुळं एसी-बिसी आम्हाला नका सांगू.

आता लेखात काय होतं ते परत सांगतो, कारण नीट वाचलेलं दिसत नाही. सोडियम वाढला की मुळाच्या पेशींच्या पडद्यातलं कॅल्शियम हटतं, पडदा ढिला पडतो आणि पोटॅशियम, साखर, अमिनो आम्लं बाहेर गळतात. ही गळती झाली, झाड मुद्दाम सोडतं ते वेगळं, म्हणजे मॅलिक, सायट्रिक असली आम्लं. या दोन्हीवर मुळाभोवतीचे जिवाणू जगतात, खाणं बदललं की वस्ती बदलते. हरभऱ्यासारख्या पिकात मुळं फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्यं सोडून रायझोबियमला, म्हणजे मुळांवर नत्राच्या गाठी करणाऱ्या जिवाणूंना, बोलावतात, मिठात ती बोलावणीच बिघडते आणि गाठी कमी धरतात. 1904 साली हिल्टनर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं या मुळाभोवतीच्या मातीला रायझोस्फिअर म्हटलं, त्यानंही एसीत बसून म्हटलं नसावं.

ईसीचं मान्य. जमीन क्षारपड धरायची 4 डेसीसायमन प्रति मीटरची मर्यादा संपृक्त, म्हणजे पाण्यानं पुरती भिजवलेल्या, मातीतनं काढलेल्या अर्काची आहे, आपल्याकडं रिपोर्ट बहुतेक 1 भाग माती, 2.5 भाग पाणी असा येतो आणि तिथं आकडा 1 च्या वर गेला की सावध व्हायचं असतं. हे एका ओळीत टाकायला हवं होतं, टाकतो.

निचरा नको असं मी लिहिलंय कुठं, दाखवा की! चोपण, म्हणजे सोडियमनं बिघडलेल्या, जमिनीत धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक घेतलं की मुळांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साईड आणि आम्लं चुनखडी विरघळवतात, कॅल्शियम सुटतं, ते सोडियमला मातीच्या कणावरनं ढकलून लावतं. पण सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली जायला वाट पाहिजे, म्हणजे निचराच आला ना राव.

राहिला लॅबचा मुद्दा. होतात पाण्यात प्रयोग, कारण मातीत मुळातनं साखर बाहेर पडली की मोजायच्या आत जिवाणू खाऊन टाकतात. त्यावर वाद घालत बसायला मला वेळ नाही.

आणि पुढच्या वेळी नाव लिहा. 'पुत्र' लिहून रान कळत नसतंय.