सात ओळींचा फॉरवर्ड आणि तीन सर्व्हरचा पूल

गेले काही महिने आयटीवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक फॉरवर्ड फिरतोय. मला तो तीन वेगवेगळ्या गटांतून आला, आणि आमच्याकडच्या एका नव्या मुलाने तर त्याची प्रिंट काढून सर्व्हर रूमच्या दारावर चिकटवली. विषय मायक्रोसॉफ्टच्या 'स्काइप फॉर बिझनेस सर्व्हर'चा, म्हणजे ऑफिसातले फोन, चॅट आणि मीटिंग चालवणाऱ्या सर्व्हरचा. मजकूर असा: "स्काइप ५ मे २०२५ ला बंद झालं, म्हणजे स्काइप फॉर बिझनेस सर्व्हरही संपला, त्यावर वेळ घालवू नका. तोवर चालवायचाच असेल तर: आवाज तुटला की लाइन वाढवा. पिंग होत असेल तर नेटवर्क ठीक आहे. कॉल मध्येच कट झाला तर टेलिफोन कंपनीकडे तिकीट टाका. सगळ्या शाखांचे कॉल एकाच ट्रंकवरून काढा, पैसे वाचतात. सर्टिफिकेट अडलं तर ते रूट स्टोअरमध्ये टाका, प्रश्न मिटतो. आणि काहीच कळलं नाही तर सगळे फ्रंट एंड एकदम रीस्टार्ट करा."

(पिंग म्हणजे 'आहेस का?' असं दुसऱ्या मशिनला विचारणं. ट्रंक म्हणजे ऑफिसला टेलिफोन कंपनीच्या जाळ्याशी जोडणारी लाइन. सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरचं डिजिटल ओळखपत्र. फ्रंट एंड म्हणजे लॉगिन आणि कॉल सांभाळणारे मुख्य सर्व्हर, त्यांच्या गटाला पूल म्हणतात.)

लिहिणारा कधीतरी सर्व्हरसमोर बसलेला आहे हे जाणवतं, कारण यातली प्रत्येक ओळ कुठेतरी एकदा चाललेली असणार. गडबड तिथेच आहे.

पहिल्या ओळीत नावाने घात केलाय. जे ५ मे २०२५ ला बंद झालं ते घरगुती स्काइप. मायक्रोसॉफ्टने ते २०११ साली विकत घेतलं. आपल्या रॅकमधल्या सर्व्हरचं घराणंच वेगळं: लाइव्ह कम्युनिकेशन्स सर्व्हर २००३, मग ऑफिस कम्युनिकेशन्स सर्व्हर २००७, मग लिंक (Lync) २०१० आणि २०१३. २०१५ साली लिंकच्या दारावर 'स्काइप फॉर बिझनेस' अशी पाटी लागली, आतलं बिऱ्हाड तेच राहिलं. घरगुती स्काइपचा प्रोटोकॉल त्यांचा स्वतःचा होता, आपला सर्व्हर पहिल्यापासून सिप ही कॉल लावण्या-तोडण्याची खुली भाषा बोलतो. बंद झालेल्या गोष्टी आहेत, पण त्या दुसऱ्या. स्काइप फॉर बिझनेस ऑनलाइन ३१ जुलै २०२१ ला गेलं. सर्व्हरच्या २०१५ आणि २०१९ या आवृत्त्यांचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे त्या अजून चालवत असाल तर काळजी करायलाच हवी. पण जुलै २०२५ मध्ये सबस्क्रिप्शन एडिशन आली आणि २०१९ वरून तिच्यावर जागच्या जागी जाता येतं. मायक्रोसॉफ्ट टीम्सवर जायचं की नाही हा ज्याच्या त्याच्या ऑफिसचा प्रश्न. मात्र कारण खरं असू द्या, "स्काइप बंद झालं ना" हे कारण नव्हे.

आता लाइन. आवाज तुटतो, लाइन वाढवा. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. हिशोब करून पाहा. जी.७११ या कोडेकमध्ये (आवाजाचे आकडे करायची पद्धत) सेकंदाला ५० पॅकेट जातात, प्रत्येकात १६० बाइट आवाज आणि ४० बाइट हेडर. म्हणजे एका बाजूला ८० किलोबिट, वर इथरनेटचा थोडा भार. शंभर कॉल एकाच वेळी चालू असले तरी दोन्ही बाजूंना आठ-नऊ मेगाबिट. शंभर मेगाबिटची लाइन असलेल्या ऑफिसात आवाज तुटतो तो जागा कमी पडते म्हणून नव्हे. सकाळी अकराला कुणाचा तरी बॅकअप सुरू होतो आणि आवाजाची चिमुकली पॅकेट त्याच्या ट्रकांमागे अडकतात. दोनशेची लाइन घ्या, बॅकअप दोनशेही भरून टाकतो.

इलाज म्हणजे आवाजाच्या पॅकेटवर खूण करणं. डीएससीपी ४६ ('मला आधी जाऊ द्या') ही ती खूण, आणि वाटेतल्या प्रत्येक स्विच-राउटरने तिला मान द्यायला हवा. इथे या सर्व्हरची एक खोड आहे, जी फॉरवर्ड सोडाच, बऱ्याच अनुभवी मंडळींनाही चुकवते. मुळात क्लायंट, म्हणजे वापरणाऱ्याच्या मशिनवरचं ॲप, आवाज, व्हिडिओ आणि स्क्रीन शेअरिंगसाठी १०२४ ते ६५५३५ यातलं कुठलंही पोर्ट (मशिनचा क्रमांकाचा दरवाजा) घेतो. तिन्ही एकाच पिशवीत असतील तर ग्रुप पॉलिसी (सगळ्या मशिनना एकदम लागू होणारा विंडोजचा नियम) खूण करणार कशावर? आधी सर्व्हरवर क्लायंटची पोर्ट-रेंज चालू करून तिघांना वेगळी जागा द्यायची, आवाजाला उदाहरणार्थ ५००२० पासून २० पोर्ट, आणि मगच पॉलिसी लिहायची. तरीही ही खूण स्वतःच्या जाळ्यात किंवा ती पाळायचं कबूल केलेल्या एमपीएलएसवरच, म्हणजे भाड्याच्या खासगी लाइनवरच, टिकते. घरून काम करणाऱ्याच्या ब्रॉडबँडवर तिला कुणी विचारत नाही. तिथे मी पहिला प्रश्न वायफायचा विचारतो, आणि निम्म्या वेळा उत्तर "मी बेडरूममध्ये आहे, राउटर हॉलमध्ये आहे" असंच येतं.

पिंगवाल्या ओळीवर मात्र मला जरा थांबायचंय, कारण तिने माझे दोन दिवस खाल्लेत.

एका ग्राहकाकडे तक्रार आली: नव्या इमारतीत बसणाऱ्यांना घरून काम करणाऱ्यांचा आवाज येत नाही. कॉल लागतो, घड्याळ चालू होतं, दोन्हीकडे शांतता, आणि थोड्या वेळाने कॉल पडतो. जुन्या इमारतीत सगळं सुरळीत. नेटवर्कवाल्या मित्राचं एकच पालुपद, "पिंग होतोय." होत होताच. पण तो पिंग करत होता फ्रंट एंडवरून, आणि फ्रंट एंड व एज सर्व्हरचा (बाहेरून येणाऱ्यांसाठीचा दरवाजा) आतला पाय एकाच सबनेटमध्ये, म्हणजे जाळ्याच्या एकाच तुकड्यात, होते.

एज सर्व्हरला दोन पाय, म्हणजे नेटवर्कच्या जोडण्या, असतात, एक बाहेर आणि एक आत. डीफॉल्ट गेटवे, म्हणजे दुसरी वाट माहीत नसेल तेव्हाची वाट, फक्त बाहेरच्या पायाला द्यायचा असतो. मग आतल्या सबनेटकडे जायची वाट त्याला कशी कळणार? ती हाताने सांगावी लागते, कायमचे स्टॅटिक राउट टाकून. जुन्या इमारतीचे सबनेट कुणीतरी २०१६ साली टाकून ठेवले होते. नवी इमारत झाली, नवा सबनेट आला, एजला कुणी सांगितलं नाही. नव्या इमारतीतल्या माणसाला द्यायचं उत्तर एज आपलं बाहेर इंटरनेटच्या दिशेने पाठवत होता. सिग्नलिंग, म्हणजे कॉल लावण्याचे निरोप, फ्रंट एंडमधून जात असल्यामुळे घंटी वाजत होती, आवाजाची वाट मात्र बंद. एक ओळ टाकली आणि दोन दिवसांचं दुखणं संपलं.

म्हणून अशा तक्रारीत मी आधी एकच गोष्ट विचारतो: घंटी वाजते का? घंटी वाजून आवाज येत नसेल तर सिप, डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं), लॉगिन या सगळ्यांना तेवढ्यापुरतं बाजूला ठेवायचं आणि फक्त आवाजाच्या वाटेमागे लागायचं. क्लायंट एजपर्यंत यूडीपी ३४७८ वर पोचतो का, ते नसेल तर टीसीपी ४४३ वर तरी पोचतो का, हे पाहायचं. (यूडीपी आणि टीसीपी या पॅकेट पाठवायच्या दोन पद्धती, पुढचा आकडा पोर्टचा.) पिंग आयसीएमपी या वेगळ्याच पद्धतीने जातो, तो या दोन्हींबद्दल काही सांगत नाही. टेलनेट टीसीपीबद्दल सांगेल, यूडीपीबद्दल नाही. आणि जे काही तपासायचं ते तक्रार करणाऱ्याच्या खुर्चीतून तपासायचं. सर्व्हर रूममधून सगळं नेहमीच छान दिसतं. एज नॅटमागे, म्हणजे पत्ते बदलून देणाऱ्या राउटरमागे, असेल तर अजून एक पाहायचं: सर्व्हरची मांडणी भरायच्या टोपॉलॉजी बिल्डरमध्ये ऑडिओ-व्हिडिओ एजचा सार्वजनिक पत्ता भरलाय ना? तो राहिला तर एज बाहेरच्यांना आपला खासगी पत्ता सांगत बसतो.

कॉल मध्येच कट होतो, टेलिफोन कंपनीचा दोष. कधी असतोही. पण तिकीट टाकण्याआधी किती सेकंदांनी कट होतो ते मोजा. दर वेळी साधारण ३२ सेकंदांनी होत असेल तर तो योगायोग नाही. सिपच्या नियमात, २००२ च्या आरएफसी ३२६१ मध्ये, कॉल उचलल्याचा निरोप गेल्यावर त्याची पोच यावी लागते. अर्ध्या सेकंदाचा मूळ टायमर, त्याची ६४ पट म्हणजे ३२ सेकंद वाट पाहायची, पोच नाही आली की कॉल संपवायचा. पोच हरवते ती बहुधा एसबीसीच्या (आपला सर्व्हर आणि टेलिफोन कंपनी यांच्यामधली पेटी) अलीकडे-पलीकडे बसलेल्या फायरवॉलमुळे. एक तर तिची 'सिप एएलजी' नावाची आगाऊ सोय पत्ते बदलून ठेवते, नाहीतर कुणीच पत्ता बदलत नाही आणि पोच खासगी पत्त्यावर निघते. (आतला सिप टीएलएसच्या कुलूपबंद वेष्टनात गुंडाळलेला असतो, त्यात एएलजीला डोकावता येत नाही. हे नाटक घडतं ते कुलूप नसलेल्या साध्या ५०६० पोर्टवरच्या ट्रंकवर.) कट बरोबर पंधराव्या किंवा तिसाव्या मिनिटाला होत असेल तर कॉल अजून जिवंत आहे ना हे पाहणाऱ्या सेशन टायमरकडे वळा. तिथे १८०० सेकंद ही नेहमीची किंमत, आणि तिच्या निम्म्यावर ताजं करण्याचा निरोप जातो. तो निरोप वाटेत कोण गिळतंय ते शोधायचं.

एका ट्रंकवरून सगळ्या शाखांचे कॉल काढा, ही ओळ दुसऱ्या एखाद्या देशात चांगला सल्ला ठरली असती. आपल्याकडे लांब पल्ल्याच्या टेलिफोन कंपन्यांचं भाडं चुकवून खासगी डेटा लाइनवरून कॉल नेणं आणि दुसऱ्या गावी सार्वजनिक फोनच्या जाळ्यात सोडणं याला टोल बायपास म्हणतात, आणि ते चालत नाही. कॉल सेंटरसारख्या ऑफिसांसाठीचे नियम २०२० आणि २०२१ मध्ये बरेच सैल झाले, त्यावरून "आता सगळं मोकळं" असा समज पसरला. तसं धरून चालू नका, आधी आपल्या कंपनीच्या कायदेशीर सल्लागाराकडून लेखी घ्या. भारतासारख्या देशांतल्या याच बंधनांसाठी मायक्रोसॉफ्टने लिंक २०१३ च्या पहिल्या मोठ्या अपडेटमध्ये लोकेशन बेस्ड राउटिंग आणलं, सिस्कोकडे त्याच कामाला लॉजिकल पार्टिशनिंग आहे. माणूस ज्या गावच्या ऑफिसात बसलाय तिथल्याच ट्रंकवरून त्याचा कॉल निघतो. हे सगळं उभं राहतं सबनेट आणि साइटच्या यादीवर. नव्या मजल्याचा सबनेट त्या यादीत घालायचा राहिला की तिथल्या लोकांचे आतले कॉल छान चालतात आणि बाहेरचा एकही लागत नाही. मग कॉलचे राउट, डायल प्लॅन, व्हॉइस पॉलिसी सगळं उलटंपालटं होतं आणि यादी शेवटी आठवते. नवी इमारत, नवा मजला, नवा सबनेट: फीत कापायच्या समारंभाला आपल्याला बोलवत नाहीत, तक्रारी मात्र आपल्याकडे येतात.

उरलेल्या दोन ओळी मी एकत्र घेतो, कारण त्या मिळूनच माणसाला खड्ड्यात घालतात.

सर्टिफिकेट रूट स्टोअरमध्ये टाका. रूट स्टोअरमध्ये फक्त रूट सर्टिफिकेट असावीत, म्हणजे ज्यांचा देणारा आणि घेणारा एकच आहे अशी. मधली, इंटरमीडिएट सर्टिफिकेट वेगळ्या स्टोअरमध्ये जातात. विंडोज सर्व्हर २०१२ पासून ही तपासणी कडक झाली. रूट स्टोअरमध्ये एखादं मधलं सर्टिफिकेट घुसलं की सर्व्हरचा एकमेकांवरचा टीएलएस विश्वास बिघडतो आणि फ्रंट एंड सर्व्हिस उठायला नकार देते. चालू असलेल्या सर्व्हिसला मात्र लगेच काही होतंच असं नाही. मी पाहिलेल्या एका ठिकाणी सिक्युरिटी टीमने ग्रुप पॉलिसीतून असं एक सर्टिफिकेट सगळ्या मशिनवर ढकललं होतं. तीन आठवडे कुणाला पत्ता नाही. मग एका सोमवारी प्रेझेन्स (कोण ऑनलाइन आहे ते दाखवणं) जरा अडखळला आणि कुणीतरी शेवटची ओळ अमलात आणली. तिन्ही फ्रंट एंड एकदम.

एंटरप्राइझ पूलमध्ये प्रत्येक वापरकर्त्याच्या माहितीच्या तीन प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर असतात आणि आतलं विंडोज फॅब्रिक बहुमत मोजत बसतं. तीन सर्व्हरच्या पूलमध्ये किमान दोन जिवंत हवेत. सगळे झोपवून पूल पुन्हा उठवायचा असेल तर ८५ टक्के सर्व्हर हजर लागतात, म्हणजे तिनांपैकी तीनही. त्या सोमवारी एकही उठला नाही. 'स्टार्टिंग' असं लिहिलेलं तासभर बघत बसले आणि तासाभरानंतर पुन्हा रीस्टार्ट केले. मला फोन आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. रूट स्टोअर उघडून देणारा आणि घेणारा यांची नावं वेगळी असलेलं सर्टिफिकेट शोधणं, ते योग्य स्टोअरमध्ये हलवणं, पॉलिसी थांबवणं, या सगळ्याला वीस मिनिटं लागली. सकाळी एकच सर्व्हर बंद करून पाहिला असता तर बाकीच्या दोघांवर ऑफिस चाललं असतं आणि चूकही उघडी पडली असती.

पॅच लावतानाही तेच. आधी पूल तयार आहे का हे विचारणारी आज्ञा द्यायची, मग एका सर्व्हरवरचे लोक फेलओव्हरने दुसरीकडे हलवायचे, पॅच लावायचा, तो परत आल्याची खात्री करायची, मग पुढचा. कंटाळवाणं आहे, रात्र जाते. बिघाडाचा शोध घ्यायचा असेल तर रीस्टार्टआधी सेंट्रलाइज्ड लॉगिंगमधून त्या वेळचे लॉग ओढून घ्या. त्यातला 'ऑलवेजऑन' प्रकार नावाप्रमाणे कायम चालू ठेवण्यासाठीच आहे, पण जुनं पुसत जातो. ते स्नूपर या लॉग वाचायच्या साधनात उघडलं की लाल ओळीखाली एमएस-डायग्नोस्टिक्सचं हेडर दिसतं, आणि बहुतेक वेळा कारण तिथे सरळ वाक्यात लिहिलेलं असतं.

एकच स्टँडर्ड एडिशन सर्व्हर असलेल्या छोट्या ऑफिसात, रात्री अकरानंतर, लॉग बाजूला काढून आणि रूट स्टोअरवर नजर टाकून कुणी रीस्टार्ट मारला तर माझी तक्रार नाही. मीही मारतो.